अब्बांच्या गादीवरचा उजेड

५ नोव्हें.
अब्बा आजही दुकानात आले नाहीत. परवा गिऱ्हाइकानं डाळिंबी साडी मागितली, त्यांनी आमसुली पुढे केली. तेव्हापासून घरीच. "माहे डोये गेले, बेटा. कापडाच्या दुकानात आता मायं काय काम?" जन्मभर गादीवर बसून नुसत्या नजरेनं रंग सांगणारा माणूस. बघवत नाही.
माझा संशय ट्यूबलाइटवर. जुनाट, गुणगुणतात, लुकलुकतात. गिऱ्हाइकं रंग बघायला साडी उचलून पायरीवर उन्हात नेतात, तशी मीही नेते.

८ नोव्हें.
वायरमन गजाननभाऊ आले. सगळं नवं बसवणं झेपणारं नाही, आधीच सांगितलं. त्यांनी ट्यूब बसते ती पट्टी उघडली. "ताई, पट्ट्या चांगल्या हायेत, कायले फेकता? चोक-स्टार्टर काढतो, याच पट्टीत एलईडी ट्यूबा टाकतो." जीव भांड्यात पडला. ट्यूबा मीच आणल्या, सगळ्यांत पांढऱ्या. जितका पांढरा तितका चांगला उजेड, हे माझं शहाणपण.

९ नोव्हें.
दुकान लखलखतंय, गुणगुण बंद. शेजारचा चहावाला डोकावून, "ताई, ईद आली काय?"
अब्बांना ओढून आणलं. हळदी रंगाची साडी हातात दिली. "लिंबू." पुन्हा पाहिली. "लिंबूच." चपला घातल्या आणि गेले.
मग मी पाहिली. मलाही लिंबूच दिसली. एवढी हसले की काउंटरला टेकावं लागलं.

१० नोव्हें.
गजाननभाऊ म्हणे, "मंग एका पट्टीत दोन ट्यूबा हायेत ना? एक पांढरी राहू द्या, एक पिवळसर टाकू." ट्यूबवाल्या दुकानदारानं निम्म्या बदलून दिल्या, कुरकुरत.
त्या बसवल्यावर तीच साडी घेऊन पायरीवर पळाले, परत आत, परत बाहेर. हळदी ती हळदीच. चहावाला: "ताई, काहून पळून राह्यल्या?"

१२ नोव्हें.
अब्बा आले. "फक्त चहापुरता" म्हणे. मानोरा गावाकडच्या एक मावशी लेकीच्या लग्नाच्या साड्या बघत होत्या. मी मुद्दाम विचारलं, अब्बा, ही कोणती? पदर वर धरून पाहिला. "अबोली." ही? "मोरपंखी. मले परीक्षेले बसवून राह्यली काय?"
मावशी सवयीनं दोन्ही साड्या पायरीवर घेऊन गेल्या. परत आल्या. "चाचा सांगते तेच हाये." अब्बा गादीवर नीट मांडी घालून बसले. चहा निवला. मला इतका आनंद झाला की मावशींना पदर मोजून दाखवताना दोनदा चुकले.
डाळिंबी-आमसुलीत मात्र अब्बांची अजून गडबड. पायरीवर नेऊन दाखवलं, उन्हातही चुकले. सोमवारी वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं.
निघताना म्हणाले, "दवाखान्यात असा उजेड नसन, तं मी पास कसा होईन?" आणि खिळ्यावरची दुकानाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. उद्या दुकान ते उघडणार.
मी उशिरा जाणार आहे. मुद्दाम.