सातव्या दिवशीचा खलबत्ता

सोमवार, ३ नोव्हेंबर

बासेमने आजही मान वळवली नाही. त्याच्या डोक्यामागे मुद्दाम पातेल्याचं झाकण पाडलं. मांजर पळालं. हा आपला मूठ चोखतोय!

रिफअतला सांगितलं. म्हणाला, "अगं, तीन महिन्यांचं पोर ते. नवरा मी तुझा, मी तरी कुठे लगेच वळतो?"

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "वाघ आहे माझा नातू! सातव्या दिवशी कानाशी खलबत्ता कुटला, हूं की चूं नाही!"

तेच तर. बाळ आवाजाला भिऊ नये म्हणून आमच्यात हे करतात. सगळ्या आळीने कौतुक केलं — घाबरला नाही, घाबरला नाही. रीतीप्रमाणे मी चाळणीत ठेवलेल्या बाळाला ओलांडत होते, लक्ष पायाकडे. मला नीट दिसलंच नाही.

मंगळवार

सातव्याचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये आहे. बघितलं की कळेल, दचकला का नाही. लावला. कॉम्प्युटर म्हणतो, काही लावलेलंच नाही!

शूटिंगवाल्याकडे गेले. त्याने मूळचं पुसून टाकलंय.

गुरुवार

रिफअतने दुकानातून आल्यावर बघितला. कॉम्प्युटर पेनड्राइव्हला विचारतो म्हणे, कोण तू, किती जागा तुझ्यात? लगेच उत्तर द्यायचं, असा नियम आहे. हा स्वस्तातला, नियमाने बनवलेलाच नाही. उत्तर देतो, पण उशिरा. तोवर कॉम्प्युटर समजतो, इथे कुणीच नाही.

"याच्यापुरतं कॉम्प्युटरला सांगायचं — थांब जरा." मग बासेमच्या गालाला बोट लावून म्हणाला, "हा पण तसाच. उशिरा बोलणारा."

किती बरं वाटलं मला!

शनिवार

आता ओळखतो, पण फिल्म अर्ध्यात अडकते. एकदम जास्त मागितलं की हा गप्प. रिफअत म्हणाला, लहान लहान घास घ्यायला शिकवतो कॉम्प्युटरला. हसू आलं. बाळाला भरवल्यासारखं.

सासूबाई चिडल्या. "फेकून द्या ती काडी! सोनं लागलंय का तिला?" अशा कधी बोलत नाहीत.

रविवार

चालली.

सासूबाई खलबत्ता कुटतायत — "आईचं ऐक रे, बापाचं ऐकू नको!" सगळ्या हसतायत. बासेमचे डोळे टक्क उघडे. ठण्ण! पापणीसुद्धा नाही. परत ठण्ण! नाही.

रिफअत म्हणत राहिला, "थांब, पुढे बघू." पुढे बघितलं. संपेपर्यंत बघितलं. मग तो पेनड्राइव्ह हातात धरून बसला.

सोमवार

सकाळी एकटीने परत लावली. या वेळी बाळाकडे नाही, सासूबाईंकडे बघितलं. दुसऱ्या ठोक्यालाच त्यांचं हसू गेलं. बाळाकडे बघत राहिल्या. मग एकदम मोठ्याने, सगळ्यांना — "वाघ आहे माझा!"

मागे वळले तर त्या दारात. बासेमचं टोपडं हातात.

"ऊठ पोरी," म्हणाल्या. "कानाच्या डॉक्टरकडे मी पण येते."