गरम मोजलेला शाफ्ट

राहाता,
१८ फेब्रुवारी १९७३

प्रिय आसाराम,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू विचारलंस त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. तो शब्द मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा कागद फाडला. आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून तू मला मित्र म्हणशील की नाही, कोण जाणे. म्हणू नयेसच, पण म्हणावंस ही आशाही सुटत नाही, असा मी निर्लज्ज.

आपण दोघं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकाच दिवशी उमेदवार म्हणून लागलो. पहिले दोन महिने सूर्यभान मिस्त्रींनी लेथला हात लावू दिला नाही, नुसता लोखंडाचा कीस झाडायला लावला. मग लेथच्या फिरत्या जबड्यात, चकमध्ये, कापायचा जॉब मधोमध बांधायला शिकवलं. तुझा जॉब अर्ध्या तासात सरळ फिरायचा, माझा दुपारपर्यंत डुलत असायचा. मिस्त्री म्हणायचे, "कानिफ, ह्यो शाफ्ट हाय का अंगात आलेला भगत?" सगळे हसायचे, तूही हसायचास, आणि मग गुपचूप येऊन माझा जॉब नीट बांधून द्यायचास. तेच मला सलायचं. मिस्त्री हसले तर राग यायचा नाही, तू मदत केलीस की यायचा.

मिस्त्रींचा एक नियम तुला पाठ होता. "गरम लोखंड खोटं बोलतंय रं. निवू दे त्येला, मंग इचार." कापताना लोखंड तापतं, फुगतं, आणि तेव्हा बरोबर भरलेलं माप निवल्यावर कमी भरतं. मलाही हे पाठ होतं, म्हणून तर सांगायला तोंड नाही.

एकाहत्तरची दिवाळी जवळ आली होती, हंगाम तोंडावर होता आणि रसाच्या पंपाचा शाफ्ट तुझ्या नावावर होता. बेअरिंगची जागा तू जरा जाड ठेवलीस आणि फाटकाकडे गेलास, कारण तुझे आबा शेवगावहून तुझ्यासाठी शिदोरी घेऊन आले होते. जाताना म्हणालास, निवल्यावर मी शेवटचा हात मारतो, तू हात लावू नको. साधंच बोललास, पण मला झोंबलं. तुझी पाठ वळली आणि मी लेथ चालू केला. एक बारीक काप घेतला. जॉबला बोट टेकवत नव्हतं, तरी मायक्रोमीटर लावला. माप तंतोतंत! पंप नीट चालला की मिस्त्रींना खरं सांगून शाबासकी घ्यायची, असा माझा बेत. तू परत येईपर्यंत फिटर शाफ्ट घेऊन गेला होता. मी तुला सांगितलं, निवल्यावर तुझंच माप बरोबर निघालं, मी नुसता पॉलिशचा कागद फिरवला. वर तुझ्या शिदोरीतलं धपाटंही खाल्लं.

पंप पाच दिवस चालला. मग बेअरिंग सैल होऊन फिरायला लागलं, पंप बसला आणि गाळप अख्खा दिवस बंद. शाफ्ट मोजला तर मिलिमीटरचे तीन शतांश कमी. मिस्त्रींनी तुला विचारलं, "गरम मोजला व्हता का रं?" तू गोंधळून म्हणालास, "मोजला आसंल, मिस्त्री." मी शेजारीच उभा होतो. मी लेथखालचा कीस बघत राहिलो. संध्याकाळी तुला काढून टाकल्यावर तुझी ट्रंक एसटीपर्यंत मीच धरली. तू म्हणालास, कानिफ, तू तरी नीट शिक.

शिकलो. तुझ्या हक्काच्या जागेवर कायम झालो. आता प्रत्येक जॉब निवेपर्यंत हात बांधून उभा राहतो, तर मिस्त्री चेष्टा करतात, "ह्याचा जॉब निवंस्तवर फुडला हंगाम यील." सगळे मला काळजीनं काम करणारा म्हणतात आणि मला मान वर करवत नाही. तू मात्र दुष्काळी कामावर खडी फोडतोस, आणि आता बोटांना मायक्रोमीटर कळणार नाही, असं थट्टेनं लिहितोस.

तरीही खरं सांगतो, एवढ्यानं मी बोललो नसतो. पण शेवटी तू लिहिलंस की गोजरला माझ्या घरी द्यायचं आबांच्या मनात आहे, माझ्यासारखा सच्चा माणूस त्यांना दुसरीकडे मिळणार नाही, तेव्हा होय की नाही ते कळव. तुझी बहीण मला आवडते, आसाराम, तुमच्या गावच्या यात्रेला आलो तेव्हापासून. म्हणून तर चारही वेळा 'होय' लिहिलं. पण तू 'सच्चा' लिहिलंस, आणि त्या शब्दावर बसून तुमच्या मांडवात यायची माझी छाती होईना. आज सकाळी मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त तुझा पत्ता मागितला. उद्या साहेबांपुढे उभं राहायचं आहे. माझं होईल ते होईल. हे पत्र आबांना वाचून दाखव. गोजरलाही दाखव, आणि धपाट्याची ओळ गाळू नकोस, ते तिच्याच हातचं होतं. होय की नाही, ते आता तिनं कळवायचं.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
कानिफनाथ