ऋतुजाचं मोहोरबंद पाकीट

२ फेब्रुवारी, सोमवार
ऋतुजा, माफ कर. विमानतळावर ही वही हातात देताना तू म्हणालीस, "आबा, रोज चार ओळी लिहा, आल्यावर वाचीन." दीड वर्ष झालं, वही कोरीच. वहीचा दोष नाही, शिवण चांगली आहे, उलगडून पाहिली. कल्याणच्या बाईंडिंग कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या शिवल्या, स्वतःच्या वहीत काय लिहावं ते सुचेना. आज लिहितो, कारण आज तू मला काम सांगितलंस. नातीने परदेशातून आजोबाला काम सांगावं म्हणजे आजोबा अजून उपयोगाचा आहे.

कपाटाच्या दाराला तुझ्या पदवीच्या अभ्यासक्रमाचा कागद चिकटवलाय. शेजारच्या कांबळ्यांनी मराठी करून दिला, ते शाळेत हेडक्लार्क होते, इंग्रजी पक्कं. युरोपियन स्टडीज, दोन वर्षं. इतिहास, राजकारण, कायदा, अर्थशास्त्र, सगळ्यातलं घ्यायचं. इंग्रजी सोडून तिकडच्या दोन भाषा. एक सत्र दुसऱ्या देशात. शेवटी प्रबंध, दोन खात्यांच्या दोन मार्गदर्शकांकडे. कांबळे म्हणाले, "एका विषयात धड नाही, असं आमच्या वेळी म्हणायचे." मी म्हटलं, वेगवेगळे फर्मे, पानांचे गठ्ठे, एकत्र शिवतात तेव्हाच पुस्तक होतं.

झालेल्या ओळींवर लाल पेन्सिलीची खूण. फ्रेंच झाली. जर्मन झाली. पोलंडचं सत्र झालं. राहिली शेवटून दुसरी ओळ. ठाण्याच्या कॉलेजात शिकलेलं अर्थशास्त्र तिथे धरायचं तर गुणांचा मूळ उतारा हवा, कॉलेजच्या शिक्क्याच्या बंद पाकिटात, २७ तारखेच्या आत. तो गेल्याशिवाय प्रबंधाची नोंदणी नाही. नाही गेला तर ते विषय पुन्हा, म्हणजे आणखी एक वर्ष. आणि तिथे राहायचा परवाना सप्टेंबरात संपतो.

कॉलेज परदेशी टपाल करत नाही, घरच्यांनी न्यायचं. वैशालीला रजा नाही. (तुझी आईच ती, पण वहीत नाव लिहावं म्हणून लिहितो.) घोडबंदरच्या त्या ऑफिसात अर्धा तास उशीर झाला तरी बोलावून घेतात. म्हणून मी.

६ फेब्रुवारी, शुक्र.
बसने ठाण्याला गेलेलो. खिडकी बंद. सोमवारी या. घोडबंदरच्या फाट्यावर तासभर अडकलो. पाय सुजले.

९ फेब्रुवारी, सोम.
मिळालं. खिडकीवरच्या शेलारबाई चांगल्या. तुझं नाव ऐकून म्हणाल्या, "ती ऋतुजा मोरे? वादविवादवाली?" माझ्यासमोर कागद आत घातला, चिकटवला, तीन शिक्के अर्धे झाकणावर, अर्धे पाकिटावर असे मारले. "आजोबा, हे फोडायचं नाही हं. फोडलं की रद्दी."

पण कागद आत घातला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. मजकूर दिसला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळ.
सकाळपासून पाकीट समोर घेऊन बसलोय. आत दुसऱ्याच कुणाचे मार्क असले तर? बाई तीन मुलांचे कागद एकदम काढत होत्या.

माझ्या सातवीच्या दाखल्यावर जन्मसाल चुकलं होतं. हेडमास्तरांनी पाकिटात घालून दिला, वडिलांनी जपून तसाच नेऊन दिला. सरकारी छापखान्यात मला घेणार होते. तिथल्या साहेबाने पाकीट फोडलं आणि म्हणाला, वयात बसत नाही. कुणी आधी उघडून पाहिलं असतं तर. पुढे मी कारखान्यात चिकटलो आणि तिथेच म्हातारा झालो.

दुपारी, वैशाली कामावर असताना, पातेल्यात पाणी उकळलं. वाफेवर धरलं. बाईंडिंगची हाडाची पट्टी अजून आहे माझ्याकडे. झाकण असं सुटलं की कागदाचा एक तंतू उचकटला नाही. आत सगळं बरोबर. नाव, वर्ष, अर्थशास्त्राचे चारही पेपर. जीव भांड्यात पडला.

मग देवापुढे ठेवलं. आमच्या कारखान्यात एकही वही कुंकू लावल्याशिवाय गेली नाही, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक बोट. मालक म्हणत, कोरं बाहेर जाऊ नये. ते बोट मी लावलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी हलकं. मग मैद्याची खळ करून झाकण बंद केलं. तिन्ही शिक्के तंतोतंत जुळले. जगात कुणी ओळखणार नाही.

हे वाचून तू रागावशील. पण तुझी चूक होऊ नये म्हणून केलं.

११ फेब्रुवारी
कुरिअर केलं. पावती या वहीत ठेवली.

१९ फेब्रुवारी, गुरु.
पोहोचलं! आठ दिवस आधी. ऋ.चा फोन: "आबा, यू आर द बेस्ट." शेवटून दुसऱ्या ओळीवर खूण केली. रेघ वाकडी आली. तिच्या प्रबंधाचा विषय विचारला. एक गाव आहे, मधे नदी, नदीवर पूल. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. माणसं भाजी आणायला पलीकडे जातात. मी म्हटलं, "मग त्यांना गाववाले म्हणायचं की परदेशी?" म्हणाली, "आबा, हाच तर प्रबंध आहे."

विजय असता तर. तिचा बाप, माझा मुलगा. सहा वर्षं झाली.

२४ फेब्रुवारी, मंगळ.
हात चालत नाही, पण लिहितो.

ऋ.चा फोन वैशालीला आला. स्पीकरवर. विद्यापीठ म्हणतं, पाकीट आधी उघडलेलं आहे. उताऱ्याच्या कोपऱ्यात लाल डाग, तोच पाकिटाच्या आतल्या बाजूला उमटलाय. कागद कुणीतरी बाहेर काढला, काहीतरी केलं, परत घातला. मार्क बदलल्याचा संशय. प्रबंधाची नोंदणी थांबवली. चौकशी समितीपुढे बसायचंय. संशय खरा धरला तर वर्ष नाही, नावच काढतील. झालेल्या दोन भाषा, पोलंड, सगळं गेलं.

ऋ. रडत नव्हती. म्हणाली, "कॉलेजनेच कुठलंतरी फुटलेलं पाकीट वापरलं असणार. आबा, त्या बाईंनी तुमच्यासमोर बंद केलं ना?"

मी म्हटलं, "हो."

खोटं नाही. समोरच बंद केलं होतं.

२५ फेब्रुवारी
वै. रजा टाकून कॉलेजात भांडायला गेली. तिथे शेलारबाईंनाच ऑफिसात बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी आजोबांसमोर चिकटवलं, त्यांना विचारा." त्यावर प्राचार्य वै.ला म्हणाले, लेखी तक्रार द्या, बाईंवर कारवाई करतो. आणि दुसरा उतारा लगेच इथून ईमेलने पाठवतो. विद्यापीठाने ऋ.ला कळवलं, नवा नंतर बघू, आधी पहिल्याचा खुलासा.

वै.ने तक्रार लिहिलीय. उद्या टाईप करून आणणार. जेवणात मीठ जास्त झालं होतं, तसंच संपवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्र.
सांगितलं.

वै. डबा भरत होती. म्हटलं, "तक्रार देऊ नकोस. पाकीट मी उघडलं." तिला आधी कळलंच नाही. मग "कुंकू?" असं एकदा म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

ओरडली नाही. दारात चपला घालताना म्हणाली, "विजयचा रिपोर्टही तुम्ही असाच देवापुढे ठेवला होतात. दोन दिवस."

ठेवला होता. मंगळवारी आलेला, गुरुवार चांगला म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांनी काही फरक पडला नसता. म्हणाले होते.

२ मार्च, सोम.
वै.ने ऋ.ला कळवलं. तीन दिवस तिचा फोन नाही. मी केलेला उचलत नाही.

शेलारबाईंना फोन लावला. म्हटलं, बाई, चूक माझी. पाकीट मी उघडलं. मग म्हणाल्या, "आजोबा, माझी नोकरी कायम नाही हो." प्राचार्यांना वै.कडून चिठ्ठी दिली, बाईंचा दोष नाही म्हणून.

५ मार्च, गुरु.
ऋ.चा निरोप आला, आईच्या फोनवर. मला नाही. समितीला उघडणाऱ्याचा लेखी कबुलीजबाब हवाय. का उघडलं, कसं उघडलं. शिवाय समितीतले एकजण म्हणतात, इतक्या सफाईने पाकीट उघडून बंद करणं घरी बसलेल्या म्हाताऱ्याला शक्य नाही, आजोबांच्या नावावर ढकलतायत.

कांबळ्यांकडे गेलो. सगळं ऐकून म्हणाले, "मोरे, आमची ऋतुजा व्हिसासाठी किती रांगेत उभी राहिली, आणि तुमचं कुंकू बिनपासपोर्टचं गेलं की." मला हसू येईना. मग तेही गंभीर झाले. "इंग्रजी मी लिहितो. पण एक शब्द खोटा लिहिणार नाही."

"खरंच लिहायचंय."

"कुंकवाला काय लिहू? लाल भुकटी लिहिली तर घाबरतील."

"लिहा, आमच्या धंद्यात बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वहीला लावतात. शुभ म्हणून."

"आणि उघडलं कशाला?"

छापखान्याची गोष्ट सांगितली. साठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. कांबळ्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला. म्हणाले, "हे आधी घालू या." खाली मी सही केली. मोडीसारखी दिसते, पण माझीच.

७ मार्च, शनि.
वै.ला सुट्टी. मीच म्हटलं, त्यांना करून दाखवतो. तसलंच पाकीट आणलं. तिने खळीने बंद केलं, कांबळ्यांनी त्यांच्या जुन्या संस्थेचा शिक्का मारला. वै. मोबाईलवर व्हिडिओ काढत उभी.

पहिलं फाटलं. वाफेवर हात स्थिर राहिना. दुसरं शिक्क्यापाशी फाटलं. तिसऱ्याला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी पट्टी सरकवली. सुटलं. अखंड. परत चिकटवलं, शिक्के जुळले.

वै. म्हणाली, "फाटलेली दोन कापून टाकते. शेवटचंच पाठवू."

मी म्हटलं, "नको. आता काही कापायचं नाही, चिकटवायचं नाही. आहे तसं जाऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाठवलं. मग चहा केला, माझाही केला.

फाटलेली दोन पाहून ते म्हणतील, बघा, जमत नाही म्हाताऱ्याला. म्हणतील का? आता कसलं काही परत घेता येत नाही.

१० मार्च
शेलारबाईंना दुसऱ्या खात्यात हलवलं. काढलं नाही. वै. म्हणते, ते काढण्याआधीचं असतं कधीकधी.

ऋ.चा फोन नाही.

१२ मार्च, गुरु.
आज समिती. तिकडचे दहा, आपले अडीच. अडीचला देवाजवळ बसलो नाही. हात जोडायचं धाडस झालं नाही. कपाटाच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलो. शेवटून दुसऱ्या ओळीवरची माझी खूण खोडरबराने पुसली. लाल पेन्सील पूर्ण जात नाही, गुलाबी राहते.

साडेतीन. चार. वै.चा ऑफिसातून फोन, "काही कळलं का?" मलाच विचारते. सहाला कांबळे येऊन दारातच थांबले, माझ्या तोंडाकडे पाहून परत गेले.

आठ वाजले. वै. आली, जेवायला वाढतेय. फोन माझ्या मांडीवर आहे, चार्जिंगची वायर लावून. आवाज पूर्ण वाढवलाय, दोनदा तपासला.

ऋतुजा, तू आल्यावर ही वही वाचशील म्हणून लिहीत होतो. आता वाचू नकोस हवं तर. पण त्यांनी काय म्हटलं तेवढं कळव. नाही म्हटलं असलं तरी कळव. आईला कळवलंस तरी चालेल, ती मला सांगेल. लवकर कळव, पोरी. तुझ्या त्या ओळीवर काय करायचं, ते मी पेन्सील हातात धरून बसलोय.