रंभाबाईच्या घरचं पाणी

३ जुलै
चिठ्ठ्या काढल्या! अर्ध्या घरायले फिल्टर, अर्ध्यायले नाई. समोरच्या रंभाबाईले निघालं, आमाले नाई. मेघा मॅडम युनिवर्सिटीतून आली, आमच्या पाण्यावर पेपर लिहून राहिली. तिले सरळ म्हणलं, मॅडम, माह्या सुनेले, टीनाले दिवस गेले हायेत. मागचं लेकरू पोटातच गेलं. डॉक्टर म्हणते बोअरिंगचं पाणी पाजू नका. एक फिल्टर जास्तीचं द्या ना!

म्हणे, "काकू, सगळ्यांनाच दिलं तर तुलना कशाशी करू? असा पेपर कोणी छापत नाही."

म्हणजे आमी खराब पाणी प्यावं, तेव्हा हिचा पेपर बनते. वा गं वा!

५ जुलै
मॅडम सांगून गेली — तीन महिने आपापल्याच घरचं पाणी प्यायचं. आमी बायायनं मुंड्या हालवल्या. दिवेलागणीले रंभाबाई भरली कळशी घेऊन दारात! "टीनाले हेच देजो. कायले भिऊन राहिली वं?" टीना रडली. मीही रडली.

१९ जुलै
धानाचा रोवणा सुरू. चिखलात वाकून वाकून गोष्टी निघाल्या, तर कळलं — सारं गावच फिल्टरवाल्यायच्या घरून पाणी नेऊन राहिलं! पाण्याले नाई कोण म्हणते? हसून हसून पुरेवाट झाली.

७ ऑक्टोबर
मॅडमनं रक्त नेलं. "कोणतं पाणी पिता?" घरचंच, म्हणलं. खरं सांगतलं तर रंभाबाईचं फिल्टर उचलून नेईन ना मॅडम! टीनाचं काय मग?

२७ ऑक्टोबर
मॅडमचं तोंड उतरलेलं. "काकू, दोन्हीकडचे रिपोर्ट सारखेच आले. सगळे चांगले."

मी म्हणलं, चांगले आले तर रडाले काय झालं?

"फिल्टरने फरकच पडत नाही, असं निघालं."

मनात म्हणलं, सारेच फिल्टरचं पाणी पेले, तर फरक कुठून दिसन!

१८ नोव्हेंबर
राहावलं नाई. मॅडमले फोन करून सारं सांगून टाकलं. म्हणे, "आत्ता सांगताय? पेपर छापायला गेला, काकू. सरांचं नाव आहे त्यावर. माझी डिग्री अडकेल. कुणाला बोलू नका."

म्हणलं, अन् आमचं अडकन त्याचं काय? फोन ठेवून देल्ला तिनं.

९ डिसेंबर
पेपर छापून आला. माह्या भुपेंद्रनं मोबाईलवर दाखवला. सारं इंग्रजी. गावाचं नाव नाई, आमचं कोणाचंच नाई. पोरानं वाचून सांगतलं — फिल्टर लावून फायदा दिसला नाई. म्हणे, "आई, फिल्टरवाली संस्था आता हेच पाहून ठरवन, फिल्टर ठेवाचे का नाई."

रंभाबाईले सांगतलं. ते म्हणे, "छापून आलं म्हणजे खरंच असन मग." अवो बाई, तूच तर पाणी देत होती ना!

भेव वाटून राहिलं मले.

१२ जानेवारी
संस्थेची गाडी आली. सारे फिल्टर काढून नेले. टीनाले नववा लागला. दुपारी तिनं बोअरिंगचं पाणी पेलं.