तळघरातल्या काचपट्ट्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानंच केलाय, पण तू वाकून केलेला समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला गेला का? आमच्याकडे माणसं ठीक आहेत, भिंत आजारी आहे.

तळघरातली मागची भिंत, जिला तू लहानपणी ढेरपोटी म्हणायचीस, तिचं पोट आता चार बोटं पुढे आलंय आणि मधोमध आडवा तडा गेलाय. त्यात माझी करंगळी जाते (घालून बघायची काही गरज नव्हती, पण बघितली). गवंडी आला, त्यानं ओळंबा सोडून बघितला आणि डॉक्टरसारखा नुसताच 'हं' म्हणाला. छपराचं पाणी मागच्या बाजूला मुरतं, माती फुगते आणि भिंतीला आत रेटते. म्हणजे दोष भिंतीचा नाही, मागून रेटणाऱ्यांचा. हे ऐकून मला तिच्याविषयी जरा आपुलकीच वाटली. मग त्यानं तड्यावर आडव्या तीन काचपट्ट्या चिकटवल्या. पट्टी तुटली तर भिंत सरकतेय, लगेच कळवा; तीन महिने टिकली तर घाई नाही, असं सांगून तो गेला.

दर रविवारी मी बॅटरी घेऊन खाली जायचो. पट्ट्या ठणठणीत. वर मात्र स्वयंपाकघराचं दार लागेना आणि न्हाणीघराचं उघडेना (आत मी होतो). बायको रोज म्हणायची, अहो, घर कलतंय. मी म्हणायचो, काच तसं म्हणत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे घर डोळ्यांसमोर कलत होतं आणि मी काच बघत बसलो होतो.

तीन महिन्यांनी गवंडी आला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, या माझ्या नव्हेत. मी वर बघितलं तर जिन्यात बाबा उभे. शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं काच सांभाळलेला माणूस तो. त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून अकरा तुटक्या पट्ट्या निघाल्या, प्रत्येक कागदात गुंडाळलेली, वर तारीख. तुटली की हे गुपचूप नवी लावत होते.

ताई, मी खूप चिडलो. नको ते बोललो. घर अंगावर पडलं असतं म्हणालो. ते शांतपणे म्हणाले की सांगितलं असतं तर तू दुरुस्ती काढली असतीस, दुरुस्तीसाठी घर रिकामं केलं असतंस, आणि एकदा हलवलेल्या म्हाताऱ्याला परत कोण आणतं? शेजारचे मास्तर घराला रंग देताना पंधरा दिवसांसाठी मुलीकडे गेले, ते तिकडचेच झाले. त्यांच्या खोलीत आता सायकली असतात.  

सध्या भिंतीला टेकू दिलेत. आता लोखंडी खांब उभे राहतील, मागची माती उकरून पाण्याला वाट काढतील. मी भिंतीइतकाच थकलोय, फक्त मला कुणी टेकू देत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते यासाठी, की घर आठ आठवडे रिकामं ठेवायचंय. आम्ही दोघं बायकोच्या मैत्रिणीच्या माळ्यावर झोपू, पण त्याचा शिडीसारखा उभा जिना बाबांना झेपायचा नाही. त्यांना तुझ्याकडे ठेवशील का?

ता. क. २ : हे पत्र तुला बाबांच्याच हातून मिळतंय, तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. डबा सोबत आहे. तुझ्या भिंती तपासतील, तपासू दे.

ता. क. ३ : आठ म्हणजे आठच. भावजी भिडेखातर राहू द्या म्हणतील, त्यांना म्हणू देऊ नकोस. बाबांचं सामान बांधल्यापासून घर फार मोकळं वाटायला लागलंय. आत्ता, ते निघायच्या आधी, मी तळघराच्या भिंतीवर बाबांच्या परतीची तारीख खडूनं लिहिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, खाली सही कर. केली.