माळ्यावरचा बैल

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी खाणीत बार उडाला, मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि आमची वसाहत पुन्हा पेंगायला लागली. सावनेरच्या या सपाट मुलखात ढगसुद्धा घाईत नसतात. कपाशीपल्याड कोळशाचे ट्रक सरकताना दिसतात, आवाज मात्र येत नाही. निम्म्या क्वार्टरांना कुलपं. तरी कुणाकडे पाटोडीचा रस्सा झाला की वाटी घरोघर फिरते — आणि परत येताना रिकामी येत नाही!

शनिवारी तान्हा पोळा. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागायला येतील. मी दरवर्षी खाऊ आणि नाणी काढून ठेवते.

१९ ऑगस्ट

शेजारच्या नव्या बिऱ्हाडातली रितिकाची गुंजन ओट्यावर येऊन बसली. "आजी, सगळ्यायजवळ बैल हाये. माह्याजवळच नाही."

आहे ना बैल! लग्नानंतर यांनी हौसेनं आणलेला, होणाऱ्या लेकरासाठी. लेकरू झालं नाही. बैल माळ्यावर गेला. मग आम्ही दोघांनीही त्याचा विषय काढला नाही.

द्यावासा वाटतो. पण यांना विचारायची भीती वाटते.

२१ ऑगस्ट

जेवताना विचारणार होते. यांनी भाजी खारट झाल्याचं काढलं, राहून गेलं.

२२ ऑगस्ट, पोळा

हे गावात बैल बघायला गेले, तेवढ्यात मी स्टुलावर चढले. धूळ पुसायला फडकं घेतलं होतं. धूळच नाही! बैल खाली ठेवून ढकलला, तर न कुरकुरता सरळ देवघरापर्यंत गेला. बोटाला तेल लागलं.

हे दारात येऊन थबकले. "दर पोळ्याले तेल देतो वं त्याले. तू देवळात गेली म्हंजे."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले दिसला तं रडशील, म्हणून."

रडलेच. मग मी गुंजनचं बोलले. हे हातपाय धुवायला गेले.

२३ ऑगस्ट, सकाळ

काल देवघरापाशी ठेवलेला बैल जागेवर नाही. पुन्हा माळ्यावर चढवला वाटतं. मन खट्टू झालं. तरी खाऊ काढून ठेवला.

संध्याकाळ

दार वाजलं. नवा फ्रॉक घातलेली गुंजन, घुंगरू बांधलेला आमचा बैल — आणि दोरी धरायला हे! उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "आजी, बोजारा द्या वं. पयलं घर तुमचंच हाये."