बेसमेंटसाठी लोडची यादी

हर्नडन, ३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसते हसून मान हलवता, म्हणून हे पत्र.

बेसमेंटचं काम सुरू झालंय. मार्चमध्ये रेणूताई तिथलं घर सोडून नोकरीसाठी डॅलसला जाईल, त्याआधी तुम्ही आणि आईने पिस्कॅटवेहून कायमचं इकडे तळघरात राहायला यायचं हे ठरलंय. निदान माझ्यापुरतं ठरलंय. तुमच्या तोंडून ‘हो’ ऐकलेलं नाही, त्यामुळे मला कशातच चैन पडत नाही. मी सारख्या खाली-वर फेऱ्या मारतो, असं रुचा म्हणते. जिना झिजवून मगच थांबशील, असंही म्हणते.

मुद्द्याचं लिहितो. वरच्या मजल्यावरच्या विजेच्या मुख्य पॅनलमध्ये जागा उरलेली नाही, म्हणून खाली वेगळं सब-पॅनल बसवायचंय. तीस, साठ की शंभर अँपिअर? त्यावर वरून खाली येणारी केबल किती जाड ते ठरणार. एकवीस तारखेला वायरिंगची सरकारी तपासणी आहे, त्यानंतर भिंती बंद होतील. मग केबल बदलायची तर सगळं पुन्हा फोडावं लागेल. छत्तीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस घरात असताना मी दुसऱ्या कोणाला विचारू? तुम्हा दोघांना काय काय लागेल त्याची यादी लगेच पाठवा.

आईला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

आपला,
शंतनू


पिस्कॅटवे, ७ नोव्हेंबर

चि. शंतनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, त्यामुळे तूच लिहिलंस याची खात्री पटली.

यादी अशी: दिवे सहा, पंखा एक, चहाची किटली, तुझ्या आईचा मिक्सर आणि टीव्ही. शेगडी नको, जेवायला वर येऊ. हीटर नको, माझ्याकडे चार स्वेटर आहेत. ड्रायर नको, दोरी बांधू. तीस अँपिअर पुष्कळ झाले. वायरमनला एवढं सांग, की सब-पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग वेगवेगळ्या पट्ट्यांवर घे. तिथे चांगले चांगले चुकतात.

येण्याचं म्हणशील तर इतका उतावीळ होऊ नकोस. इथे जवळच ज्येष्ठांचं एक संकुल आहे, दोघांपुरती खोली मिळते. मी फॉर्म आणून ठेवलाय. तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, धावपळ, त्यात आमची भर कशाला?

सूनबाईस आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
बाबा


पिस्कॅटवे, ९ नोव्हेंबर

चि. शंतनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे केस कापायला गेलेत तेवढ्यात लिहितेय. ह्यांनी पाठवलेली यादी मी वाचली. हे नोकरीत असताना लोक विजेचा लोड कमी दाखवायचे, एसी लपवायचे, आणि हे लोकांच्या गच्चीवर चढून एसी मोजून यायचे. त्यापायी दोन लग्नांची आमंत्रणं गेली आपली. आणि आता स्वतःच तेच करून बसलेत.

सप्टेंबरपासून ह्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतंय. फुप्फुसं थकलीत. सध्या दुपारी आणि झोपताना लागतं. पुढे दिवसभर लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तुझा व्हिडिओ कॉल आला की मशीन बंद करतात आणि नळी उशीखाली सारतात. कान अगदी ठणठणीत आहेत रे ह्यांचे. बोलताना दम लागतो तो तुला दिसू नये म्हणून ही सोंगं. रेणूला शपथ घातलीय. मला घालायला विसरले.

मी घाबरलेय, शंतनू. त्या संकुलात ह्यांना काही झालं तर मी कोणाच्या दाराशी धावू?

आणि मला माझी शेगडी हवी. रुचा गुणी आहे, पण आमचं गोड राहायचं असेल तर घरात शेगड्या दोन हव्यात. हे पत्र फाडून टाक.

तुझी,
आई


हर्नडन, १३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण सादर केलेल्या यादीत लोड लपवल्याचं आढळून आलं आहे. खबर कोणी दिली ते विचारू नका आणि तिच्यावर रागावूही नका.

मी पुन्हा मांडणी केली. शेगडी, ड्रायर, खोल्या उबदार ठेवणारा हीट पंप, दिवे, प्लग. सगळं एकदम चालत नाही हे धरूनही आकडा सत्त्याऐंशी अँपिअरवर जातो. म्हणजे शंभरचं पॅनल. तुमचं मशीन त्यात काहीच नाही, चारशे वॅटसुद्धा नाही. पण ते बंद पडून चालणार नाही. त्याला स्वतंत्र सर्किट देतोय आणि वीज गेली तर बॅटरी. तुमच्या भाषेत एक्स्प्रेस फीडर, कधीच बंद न होणारी लाइन. हॉस्पिटलची लाइन तुम्ही कधी लोडशेडिंगमध्ये घातली होतीत का?

मला खूप राग आलाय, बाबा. दोन महिने मी समजत होतो, की तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही. गाडी चालवताना मनात तोच विचार यायचा, की माझं काय चुकलं.

केबल शंभरचीच पडेल, तुम्ही काहीही लिहा. पण खरी यादी मला तुमच्या हातची हवी. एकवीसच्या आत.

रागासकट नमस्कार.

आपला,
शंतनू


पिस्कॅटवे, १७ नोव्हेंबर

चि. शंतनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब तपासला. बरोबर आहे. मी असतो तर ड्रायरला थोडं कमी धरलं असतं, पण असो.

सुधारित यादी: तुझ्या आईची शेगडी. हीट पंप. ड्रायर. दिवे सहा नव्हे, दहा, कारण मला हल्ली कमी दिसतं. ऑक्सिजनचं मशीन, साडेतीनशे वॅट, चोवीस तास. ही एक ओळ लिहायला मला दोन दिवस लागले.

तुझं काही चुकलं नाही. मला लाज वाटत होती. लोकांच्या घरात शिरून मी त्यांचे लोड मोजले. कोणी हात जोडायचे, कोणी रडायचे, मी लक्ष देत नसे. लपवणाऱ्याची जीभ कशी जड होते ते आता कळलं. संकुलाचा फॉर्म परत केला. आम्ही येतो.

यादीत अजून एक बाब आहे. ती पॅनलमध्ये बसणार नाही. बेसमेंटचा जिना मला आता एकट्याने उतरता येत नाही. रोज कोणीतरी हात धरायला लागेल.

तुझा,
बाबा